हे काल काय होतं?

"मामी, हे काल काय होतं?"

दुपारपासून तेवढंच डोक्यात फिरतंय. पोरगं वाईट बोललं असंही नाही. थालीपीठ तोडता तोडता विचारलं, सगळे हसले, मीही हसले. वर त्यानं तिसरं मागून घेतलं. मग मला खुपलं काय?

सोळा भाज्यांची भाजी होती ती. महालक्ष्म्या जेवल्या, सवाष्णी जेवल्या, आलेगेले जेवले, तरी पातेलं अर्धं. आमच्याकडे हा प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही. शेजारी द्यायचा नाही आणि गाडीत तर नाहीच नाही. सकाळी ती कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते. तिकडे देवगुराडियाला दिवसाला शेकडो टन ओल्या कचऱ्याचा गॅस करायची सोय आहे, त्यावर शहराच्या बसगाड्या धावतात. साऱ्या इंदूरला त्याचा अभिमान, मलाही आहे. पण महालक्ष्म्यांच्या पुरणावर बस चालवायची नाही. म्हणजे ते घरातल्यांच्याच पोटात जायला हवं. आणि घरातले सकाळी उठून म्हणणार, आज जरा वेगळं काहीतरी कर ना!

ते वेगळं रात्री भांडी निघत असतानाच ठरवावं लागतं. ओल्या नारळाची चटणी, दह्यातल्या कोशिंबिरी आधी संपवायच्या, भादव्याच्या दमटपणात त्यांचा भरवसा नाही. भात परातीत पसरून गार झाला की लगेच फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वासाला चांगला लागला तरी पोटाला बाधू शकतो, आणि ती बाधा फोडणीत परतून जात नाही. हे घरात कितीदा सांगितलं! फ्रिजमध्ये दाणा कडक होतो, म्हणून तर दुसऱ्या दिवशीचा फोडणीचा भात मोकळा होतो. ताज्या भाताचा करून बघा, लगदा होतो. भरड्याचे वडे कोमट पाण्यात भिजवून, हलके दाबून दह्यात. भाजी कुस्करून भाजणीत, वर ओवा, तीळ आणि चिरलेली मिरची. पाणी बेतानं, कारण भोपळा आणि पडवळ आपलं पाणी सोडतातच. थोडं पुरण दुधात उकळून जायफळ घातलं की खीर. कटाच्या आमटीला मात्र हात लावायचा नाही, ती आपली आपण मुरते.

फुलोऱ्यातल्या कडकण्या कुणी नुसत्या खात नाही. त्या चुरून पोह्यांवर टाकल्या. शेवेशिवाय ज्या गावात पोहे उतरत नाहीत तिथे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ह्यांनी तर विचारलं, शेव कुठून आणली?

तर एवढं सगळं करून शेवटी ते उरलेलंच. काल पुरणपोळीला वा वा झाली. पुरणपोळीत माझं काय होतं? प्रमाण सासूबाईंचं, डाळ शिजवली कुकरनं. जाऊबाई नथ घालून पोळ्या लाटत होत्या, त्यांचे फोटो सगळ्यांच्या फोनवर गेले. त्यांचं एक असतं... जाऊ दे. आज थालीपिठाची कृती कुणी विचारली नाही, विचारलं ते त्याचं कूळ. काल काय होतं! जसं काही पोलीस तपास चाललाय.

बरं, मुलाला काय कळतंय, असंही म्हणून पाहिलं. ते काही पटलं नाही. त्याच्या आईनंही तसंच बघितलं होतं ताटाकडे, तिनं तोंडानं विचारलं नाही इतकंच.

संध्याकाळी बोळवण झाली. मुखवटे पुसून कापसात ठेवताना एक गोष्ट लक्षात आली आणि एकटीच हसले. काल दिवसभर माझ्या मागे कुणी ना कुणी उभं होतं. वरणात हिंग आत्ता नको, आमच्याकडे कढीत मेथी नाही घालत, पडवळ असं नसतं चिरायचं. चंदेरी साडी नेसून मी नुसती हुकूम पाळत होते. आज सकाळी स्वयंपाकघरात चिटपाखरू नाही. शिळ्या भाजीचं आमच्याकडे काय करतात हे सांगायला कुणी येत नाही, कारण तसं काही ठरलेलंच नाही. ओवा मी घातला, तीळ मी घातले, आणि खिरीत जायफळ जरा जास्तच घातलं, मला आवडतं म्हणून.

आता पितृपक्ष आलाच. परत वडे, परत खीर, परत पातेली.

वाटीभर पुरण उरलंय, ते फ्रीजरमध्ये टाकलंय. रात्री उठून गोड हुडकणारे दोघे आहेत घरात, नावं घेत नाही. डब्यावर 'पालक' अशी चिठ्ठी लावलीय.