इन्सुलिनला नाही म्हणणारे काका

आज वॉर्डात एक काका इन्सुलिनचं नाव काढलं की तोंड फिरवून घेत होते. फाइलवर शेरा, ‘पेशंट सहकार्य करत नाही’. हा शेरा मला कधीच पटत नाही. खुर्ची ओढून बसले आणि एवढंच विचारलं, "काका, घरात आधी कुणी इंजेक्शन घ्यायचं का?"

बराच वेळ चादरीचं टोक चिमटीत धरून गप्प होते. मग म्हणाले, "आईला सुरू केलं आणि वर्षाच्या आत तिचा पाय कापावा लागला."

साखरेचे आकडे ऐकवून ही भीती जाणार होती थोडीच? मग त्यांना विचारत विचारत आईचीच गोष्ट पुन्हा लावली. साखर कित्येक वर्षं वाढलेली, तळपाय बधिर, जखम झालेली कळलीच नाही, आणि इन्सुलिन आलं ते फार उशिरा.

"म्हणजे इंजेक्शनमुळे नाही गेला पाय?"

१९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं, की पेशंट बोलायला लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवतात. एवढ्यात कुणाची आई कशी आठवणार!

काकांनी संध्याकाळचा डोस घेतला. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला सगळं नीट सांगून आलेय, म्हणजे काकांवर तेच परत पहिल्यापासून सांगायची वेळ येणार नाही.