डीव्हीटीनंतर संध्याकाळचा पाय बघा

डीव्हीटीचे, म्हणजे पायाच्या खोल शिरेत झालेल्या रक्ताच्या गुठळीचे, उपचार संपत आले की बहुतेक जण एकच विचारतात: डॉप्लरमध्ये (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) गुठळी गेली का? प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ हे नावच फसवं आहे. ती रक्त पातळ करत नाही आणि गुठळी विरघळवतही नाही. ती गुठळी वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. जुनी गुठळी शरीर आपल्या गतीने संपवतं आणि त्या खटाटोपात शिरेतल्या झडपा आखडतात.

झडप नीट मिटत नसेल, तर उभं राहिल्यावर रक्त खाली घसरतं आणि घोट्यापाशी दाब साठतो. म्हणून सकाळी ठीक असलेला पाय संध्याकाळी जड होतो, सुजतो, पोटरीत गोळे येतात, खाज सुटते. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट आणि कडक होते. तिथे जखम झाली तर महिनोन्‌महिने भरत नाही. हा पोस्ट-थ्रॉम्बॉटिक सिंड्रोम. गोळ्या नियमित घेऊनही २० ते ५० टक्के रुग्णांना तो कमी-जास्त प्रमाणात होतो, तीव्र स्वरूपात ५ ते १० टक्क्यांना. गुठळी जांघेत किंवा ओटीपोटातल्या शिरेत असेल, त्याच पायात पुन्हा झाली असेल किंवा वजन जास्त असेल तर धोका वाढतो.

तीव्रता मोजायला व्हिलाल्टा गुणांकन वापरतात. ५ तक्रारी आणि ६ खुणा, प्रत्येकीला ० ते ३ गुण. एकूण ५ किंवा जास्त गुण झाले की सिंड्रोम आहे असं धरतात. १५ किंवा जास्त गुण, किंवा उघडी जखम म्हणजे तीव्र. तपासणीची वेळ शक्यतो दुपारनंतरची घ्या, कारण सकाळचा पाय खोटं बोलतो.

घट्ट मोज्यांबद्दल मत बदललं आहे. २०१४ च्या सॉक्स चाचणीत २ वर्षं मोजे घालूनही सिंड्रोम टळला नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना सक्ती नको. सूज आणि जडपणा असेल तर मात्र आराम नक्की पडतो. गुडघ्यापर्यंतचे, २० ते ३० मिलिमीटर पारा इतक्या दाबाचे मोजे सहसा पुरतात. अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे. वरची कड दुमडायची नाही, तिथे दोरीसारखा आवळ बसतो. साधारण ६ महिन्यांत ताण जातो. मग ते फक्त महागडे मोजे उरतात. मधुमेह असेल किंवा धूम्रपान करत असाल तर आधी धमन्यांचा प्रवाह तपासून घ्या, नाहीतर मोज्यानेच पायाला इजा व्हायची.

शिरेत कॅथेटर (बारीक नळी) घालून गुठळी काढली की पुढचा त्रास वाचतो, हेही सगळ्यांना लागू नाही. २०१७ च्या अट्रॅक्ट चाचणीत सिंड्रोमचं प्रमाण कॅथेटर घातलेल्या आणि फक्त गोळ्या घेतलेल्या दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, रक्तस्राव मात्र वाढला. ओटीपोटापर्यंत गेलेल्या ताज्या गुठळीत तीव्रता थोडी कमी होते. तिथे विचार करण्यासारखं आहे.

दुसरी चिंता पुन्हा गुठळी होण्याची. शस्त्रक्रियेनंतर झालेली गुठळी क्वचित परतते. काहीच कारण नसताना झाली असेल, तर गोळ्या थांबवल्यावर पहिल्या वर्षात १० टक्के, ५ वर्षांत २५ टक्के रुग्णांना पुन्हा होते. म्हणून अशांना ६ महिन्यांनंतरही कमी मात्रेत गोळी चालू ठेवतात.

चालू गोळीत घोळ ठरावीक ठिकाणी होतात. रिव्हारॉक्सॅबानची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची; उपासाला रिकाम्या पोटी घेतली तर ती नीट शोषली जात नाही. अ‍ॅसिट्रोम किंवा वॉर्फरिनवर असाल तर मेथी-पालक बंद करू नका, प्रमाण साधारण सारखं ठेवा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) २ ते ३ मध्ये राहतो का ते बघा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक मात्र खरंच धोकादायक: रक्तस्राव होतो.

उपचार संपताना एक डॉप्लर करून तो रिपोर्ट जपून ठेवा. दोन वर्षांनी पाय दुखला तर शिरेत दिसणारी गुठळी जुनी की नवी, हे त्याच्याशी ताडूनच कळतं. तो नसेल तर जुन्या डागालाच नवी गुठळी समजून पुन्हा पूर्ण मात्रेच्या गोळ्या सुरू होतात.