डोस उतरवण्याचा काळ : पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिकाचा माझा अनुभव

पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका हा पन्नाशीनंतर होणारा, बहुधा सत्तरीच्या आसपास गाठणारा आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट अधिक आढळणारा दाहाचा आजार आहे, हे मला निदान झाल्यावर समजले. तोपर्यंत मला एवढेच ठाऊक होते की माझे दोन्ही खांदे एकाच वेळी जखडले आहेत आणि पाठोपाठ कंबर व मांड्याही आखडल्या आहेत. पहाट सर्वांत वाईट असे. कूस बदलायची तर आधी अंथरुणाची कड धरावी लागे, मग श्वास रोखून अंग थोडे थोडे सरकवावे लागे, आणि उठून बसण्यासाठी यजमानांनी पाठीला हात दिल्याशिवाय भागत नसे. केस विंचरताना उजवा हात डोक्यापर्यंत पोहोचावा म्हणून डाव्या हाताने त्याचे कोपर उचलून धरावे लागे. दुपार होईपर्यंत अंग बरेच मोकळे होई, आणि त्यामुळेच सकाळचे हाल इतरांना पटवून देणे अवघड जाई.

या आजारावर शिक्कामोर्तब करणारी एकच अशी तपासणी नाही, म्हणून निदानाला वेळ लागला. फ्रोझन शोल्डर, ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमुळे होणारी स्नायुदुखी अशा एकेका शक्यतेचा विचार झाला. ईएसआर आणि सीआरपी हे रक्ततपासणीतले दाहाचे दोन्ही आकडे बरेच वाढलेले होते, म्हणजे शरीरात कुठेतरी दाह होता हे नक्की. परंतु अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी नकारात्मक आल्याने ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची शक्यता मागे पडली, आणि स्नायूंची झीज दाखवणारे सीपीके अगदी व्यवस्थित होते. दुखणे स्नायूंचे आणि स्नायूंचा आकडा मात्र चांगला, हे मला कोड्यासारखे वाटले. संधिवाततज्ज्ञ बाईंनी ते उलगडून सांगितले : वेदना स्नायूंत जाणवली तरी दाह असतो तो खांद्याच्या व खुब्याच्या सांध्यांभोवतीच्या बर्सा नावाच्या पिशव्यांत आणि कंडरांच्या आवरणांत. माझ्या दोन्ही खांद्यांच्या सोनोग्राफीत तिथे साचलेले पाणी त्यांनी मला पडद्यावर बोटाने दाखवले. इतके दिवस जे दुखणे मी शब्दांत मांडू शकत नव्हते ते तिथे काळ्या पट्टीच्या रूपात समोर होते, आणि त्या क्षणी मला भीतीपेक्षा सुटकाच अधिक वाटली.

प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड १५ मिलिग्रॅम, सकाळी खाणे झाल्यावर एकदाच, असा उपचार सुरू झाला. स्टिरॉइडचा इतका झपाट्याने येणारा गुण मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्याच सकाळी मी कोणाच्याही आधाराशिवाय उठून बसले. काही दिवसांत लक्षणे बहुतांशी ओसरणे हे या आजारात इतके ठळक असते की तसे झाले नाही तर डॉक्टर निदानाचाच फेरविचार करतात. मात्र त्याच भेटीत बाईंनी एक गोष्ट ठामपणे बजावली : गोळी दाह दाबून ठेवते, आजार आपल्या गतीने एक-दोन वर्षांत आणि काहींच्या बाबतीत त्याहून उशिरा शमतो, तोवर डोस इतक्या सावकाश उतरवायचा की दाहाला डोके वर काढता येऊ नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीही हेच सांगतात. सुरुवात १२.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान करावी, चार ते आठ आठवड्यांत १० मिलिग्रॅमवर यावे, आणि तिथून पुढे साधारण चार आठवड्यांना एक मिलिग्रॅम या गतीने कमी करावे. कागदावर हे फार सोपे दिसते.

त्या पहिल्या काळात स्टिरॉइडने मला आराम दिला तशी झोपही हिरावून घेतली. पहाटे तीनला लख्ख जाग येई, मनात विचारांची धावपळ सुरू होई आणि घरातले सगळे आवरून टाकावे असे वाटे. सायंकाळी मात्र कारण नसताना रडू येई. हा स्वभावातला बिघाड नसून औषधाचा परिणाम आहे हे घरच्यांना आधीच सांगून ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. भूक सारखी लागे. चेहरा गोल होऊ लागला तेव्हा मुलगी काळजीने म्हणाली, “आई, तुझा चेहरा सुजलाय गं, डॉक्टरांना विचारलंस का?” विचारले होते, आणि डोस कमी होत जाईल तशी ही सूज उतरते असे उत्तर मिळाले होते. पुढे तसेच झाले. साखरेबाबत एक बारकावा बाईंनी मुद्दाम समजावला : गोळी सकाळी घेतल्यावर रक्तातली साखर मुख्यतः दुपारनंतर चढते, त्यामुळे केवळ उपाशीपोटीची तपासणी पाहिली तर वाढ नजरेतून निसटू शकते. म्हणून माझी साखर दुपारच्या जेवणानंतरही तपासली जाते.

हाडांकडे सुरुवातीपासूनच लक्ष द्यावे लागते, कारण स्टिरॉइडमुळे हाडे विरळ होण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक असतो. माझी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लगेच झाली, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व सुरू झाले आणि आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी मिळाली. ही गोळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढचा अर्धा तास ताठ बसायचे किंवा उभे राहायचे असते, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. डोळ्यांची तपासणीही ठरावीक काळाने होते, कारण मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन्हींचा धोका वाढतो.

माझी खरी कसोटी १० मिलिग्रॅमच्या खाली सुरू झाली. प्रत्येक वेळी डोस उतरवला की दोन-चार दिवसांत अंग कुरकुरू लागे, आणि प्रश्न पडे की आजार उलटला की शरीर कमी डोसशी जुळवून घेत आहे. उतरवल्यानंतर लगेच येणारी, सर्वांगात पसरलेली, थकव्याबरोबरची आणि आठवड्याभरात विरत जाणारी कणकण ही बहुधा जुळवून घेण्याची असते. काही दिवसांनी सुरू होऊन रोज वाढत जाणारी, दोन्ही खांदे व खुबे धरणारी आणि पहाटे तासभर न सुटणारी आखड ही आजाराची असते. याशिवाय वयाची म्हणून जी गुडघेदुखी होती ती होतीच. हे ओळखण्यासाठी मी एक वही ठेवली. तारीख, डोस, सकाळी हात डोक्यावर जायला लागलेला वेळ आणि नेमके कुठे दुखले, एवढेच त्यात लिहायचे. ७ मिलिग्रॅमवर आल्यानंतर त्या वहीतला सकाळचा वेळ सलग वाढत गेलेला दिसला, रक्ततपासणीत सीआरपीही वर गेला होता, आणि बाईंनी मला आधीच्या, त्रास नसलेल्या डोसवर नेऊन ठेवले. डोस उतरवताना आजार उलटणे हे यात अगदी सर्रास घडते आणि तो रुग्णाचा पराभव नसतो, हे त्यांनी ज्या आपुलकीने सांगितले त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यानंतर वेग आणखी मंदावला, आणि एकेक मिलिग्रॅमऐवजी मी गोळी कापून अर्ध्या-अर्ध्या मिलिग्रॅमने खाली आले.

या आजाराबरोबर जायंट सेल आर्टेरायटिस हा रक्तवाहिन्यांचा दाह येऊ शकतो, आणि ही माहिती प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी मिळायला हवी असे माझे ठाम मत आहे. कानशिलाजवळ नव्यानेच सुरू झालेली डोकेदुखी, केसांना फणी लावताना दुखणारी टाळू, चावताना भरून येणारा जबडा, एक वस्तू दोन दिसणे किंवा डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा तातडीच्या विभागात जायचे असते, कारण यात गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. पॉलिमायाल्जियासाठी दिलेला लहान डोस त्यापासून संरक्षण देत नाही. ही लक्षणे मी मोठ्या अक्षरांत लिहून यजमानांच्या आणि मुलीच्या हाती दिली आहेत.

स्टिरॉइड एकदम सोडून देण्याचा सल्ला मला अनेकांनी मनापासून दिला. त्यांची भीती मला कळते, पण तो सल्ला धोक्याचा आहे. बाहेरून अनेक आठवडे स्टिरॉइड मिळाले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी करतात, आणि गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा अपघात अशा प्रसंगी तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी रुग्णालय गाठावे लागते. म्हणून मी स्टिरॉइडवर असल्याचे कार्ड पर्समध्ये असते आणि दातांच्या डॉक्टरांनाही मी ते आधी दाखवते.

सध्या मी ४ मिलिग्रॅमवर आहे. निरोगी शरीर रोज जेवढे कॉर्टिसॉल बनवते ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे असते, म्हणजे उरलेली गरज आता माझ्या ग्रंथींनी भागवायला हवी, आणि हल्ली जाणवणारा थकवा बहुधा त्याचाच आहे. खांदे मोकळे आहेत, सीआरपी सामान्य आहे. पुढच्या भेटीत सकाळची गोळी घेण्याआधी रक्तातील कॉर्टिसॉल मोजले जाईल आणि त्या आकड्यावरून ३.५ वर जायचे की इथेच थांबायचे हे ठरेल.