लहानग्या भाचीसह इमॅजिकाचा बेत

इमॅजिका या मनोरंजन उद्यानात जायचे ठरले की घरातली चर्चा नायट्रोपासून सुरू होते. पायाखाली फरशी नसलेल्या त्या रोलर कोस्टरवर कोण बसणार, पहिल्या रांगेत कोण आणि डोळे मिटून कोण, यावर तरुण मंडळी तासभर बोलू शकतात. येत्या डिसेंबरात आम्ही सगळे तिथे जाणार आहोत, म्हणजे माझे आई-बाबा, दादा-वहिनी, वहिनीचे आई-वडील, सांगलीचे काका-काकू, कॉलेजात शिकणारे दोन चुलत भाऊ, मी आणि माझी दोन वर्षांची भाची. बेत आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नायट्रोचा विषय बाजूला ठेवून मी दोन गोष्टी आधी पक्क्या केल्या: भाचीची दुपारची झोप आणि वहिनीची राइडवर बसण्याची पाळी. बाकी सर्व या दोहोंच्या भोवती बसवायचे.

ठिकाणाची निवड अवघड नव्हती. खोपोली-पाली रस्त्यावरचे हे उद्यान २०१३ मध्ये सुरू झाले, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आला आणि नंतर बर्फाचे पार्कही झाले. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. पुण्याहून द्रुतगती मार्गाने साधारण दोन तासांत पोहोचता येते, विमान आणि पासपोर्ट यांचा प्रश्न येत नाही, आणि एखाद्याची तब्येत बिघडलीच तर त्याच दिवशी घरी परतता येते. सत्तरी ओलांडलेली चार माणसे आणि एक तान्हुली बरोबर असताना या शेवटच्या मुद्द्याचे वजन मला फार वाटते.

आता झोपेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते आणि त्यात दिवसाची झोपही धरलेली आहे. भाची जेवून एकच्या सुमारास झोपते आणि तीनपर्यंत उठत नाही. ती झोप चुकली तर चारनंतर तिला काहीच नको असते, ना घोडा, ना आजीची मांडी, ना पाणी. पहाटे कोथरूडहून निघून दिवसभर फिरून रात्री परत यायचे, हा नेहमीचा एका दिवसाचा बेत म्हणूनच मी रद्द केला. आदल्या संध्याकाळी निघून उद्यानाजवळच मुक्काम करायचा, सकाळी दारे उघडताच आत शिरायचे, बारा वाजता भाचीला घेऊन खोलीवर परतायचे आणि चारनंतर पुन्हा आत जायचे, असे ठरले आहे. त्याच दिवशी त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतात का, हे मात्र तिकिटे काढण्यापूर्वी फोन करून विचारायचे आणि ज्याने उत्तर दिले त्याचे नाव लिहून ठेवायचे. सोडत नसतील, तर बाबागाडीची पाठ पूर्ण आडवी होते याची घरीच खात्री करून घ्यायची आणि आतल्या एखाद्या वातानुकूलित उपाहारगृहाचा कोपरा दोन तासांसाठी धरायचा.

उंची मोजण्याचे काम परवा झाले. अशा उद्यानांत लहान मुलांचे तिकीट वयावर नव्हे तर उंचीवर ठरते, आणि कोणत्या राइडवर बसता येईल हेही उंचीच सांगते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला भाचीला पाठ टेकवून उभे केले, बाबांनी डोक्यावर आडवी पट्टी धरली, वहिनीने टाचा जमिनीला टेकल्या आहेत ना ते पाहिले आणि मी पेन्सिलीने रेघ मारली. त्याच चौकटीवर खाली तिच्या पहिल्या वाढदिवसाची रेघ आहे. हाती आलेला आकडा उद्यानाच्या यादीशी ताडून पाहिला, तेव्हा तिच्या वाट्याला काय येईल ते स्पष्ट झाले: गोल फिरणारे घोडे, टबी हत्तीचा पाळणा आणि अशाच दोन-चार संथ गोष्टी. दोन वर्षांच्या मुलीला एवढे पुष्कळ आहे. तिला एकाच घोड्यावर चार वेळा बसायचे असेल, तर चार वेळा बसू द्यावे. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून तिला ओढत सगळीकडे फिरवणे मला मान्य नाही. सलीमगडसारख्या अंधाऱ्या, भुताखेतांच्या ठिकाणी तर तिला कडेवर घेऊनही जायचे नाही, कोणी कितीही ‘काही होत नाही गं’ म्हटले तरी. त्या रात्री घाबरून उठणाऱ्या मुलीला थोपटत बसावे लागते ते तिच्या आईलाच.

ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहायला बसले, ती वहिनीची पाळी. एकत्र सहलींत एक दृश्य मी लहानपणापासून पाहत आले आहे. सगळे पाळण्यात बसायला जातात आणि मुलाची आई खाली पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या आणि झोपलेले मूल सांभाळत बाकावर बसते. तिला कोणी मुद्दाम बसवत नाही, पण तिच्याऐवजी कोण बसणार हे कोणी आधी ठरवलेलेही नसते, आणि विचारले तर ती ‘मला नाही आवडत, तुम्ही जा’ म्हणते. लग्नाआधी वहिनी मैत्रिणींबरोबर सिंहगड रस्त्यावरच्या जत्रेत सर्वांत उंच पाळण्यात बसायची, हे मला तिच्या आईकडून कळले. म्हणून वहीत पहिल्या पानावर तिचे नाव आहे. सकाळी दारे उघडल्यावर रांगा सर्वांत लहान असतात, ती वेळ तिची. दादा आणि ती दोघे मिळून नायट्रोवर जातील आणि त्या वेळात भाची माझ्याकडे आणि दोन्ही आज्यांकडे राहील. दुपारी झोपेच्या वेळी खोलीवर दादा थांबेल. हे त्याला सांगितले आहे आणि त्याने ते मनापासून मान्य केले आहे.

डिस्नेच्या उद्यानांत यासाठी रायडर स्विच नावाची सोय आहे. उंचीत न बसणारे मूल बरोबर असेल तर आईवडिलांपैकी एक जण राइडवर जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो आणि पहिला परत आला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांगेत उभे न राहता जाता येते. आपल्याकडेही राइडच्या दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारायला हरकत नाही. पण घरात इतकी माणसे असताना ही सोय आपल्याला आपल्यातच करता येते, फक्त ती आदल्या दिवशी ठरलेली हवी.

वडीलधाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागला. बाबांच्या गुडघ्यांना उभे राहणे चालण्यापेक्षा जड जाते आणि उद्यानात उभे राहणेच जास्त असते. त्यांच्यासाठी बसून पाहण्याच्या गोष्टी निवडल्या आहेत, त्यात मोठ्या पडद्यावर आकाशातून देशाचे दर्शन घडवणारे ‘आय फॉर इंडिया’ आहे. मात्र तिथेही आसने हलतात, त्यामुळे रक्तदाब आणि चक्कर यांचा विचार करून ज्याने त्याने ठरवायचे. काकांना राजासॉरसची होडी पाहायची आहे, कारण हा डायनासोर कल्पनेतला नाही. त्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि २००३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले. निवृत्त शिक्षक असलेल्या काकांनी ही माहिती चुलत भावांना फोनवर सविस्तर सांगितली आहे. सर्वांनी सर्वत्र बरोबर फिरायचे नाही, हेही मी ठामपणे ठरवले आहे. दोन गट, सावलीतली एक ठरलेली जागा आणि जेवणाची एक ठरलेली वेळ. आईला हे सुरुवातीला रुचले नाही, ‘मग एकत्र गेलो कशाला?’ असे तिने विचारले. रोज रात्रीचे जेवण सगळ्यांचे एका टेबलावर होईल, असे सांगितल्यावर तिची समजूत पटली.

हवेबाबत आम्हा पुणेकरांचा अंदाज नेहमी चुकतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, तर खोपोली घाट उतरल्यावर. डिसेंबरात सकाळी घरातून स्वेटर घालून निघालेले मूल खाली दुपारी घामाने भिजते. त्यामुळे सुती कपड्यांचे तीन-चार जोड, रुंद काठाची टोपी आणि ओआरएसची पाकिटे हाताशी हवीत. घाटातल्या वळणांवर दोन वर्षांपुढच्या मुलांना गाडी लागते, म्हणून निघण्यापूर्वी दूध न देता कोरडी पोळी किंवा लाह्या द्यायच्या. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवताना प्रत्येक आसनाला पट्टा आहे का, हे गाडी प्रत्यक्ष पाहूनच ठरवायचे. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, पण भाचीच्या मऊ भाताचा आणि नाचणीच्या सत्त्वाचा डबा चालेल ना, हेही त्याच फोनवर विचारायचे.

खर्चाचे म्हणाल तर गाडी आणि मुक्काम आम्ही दोघे भावंडे करणार आणि तिकिटे ज्याची त्याने काढायची. हे आधी बोलून घेतले, त्यामुळे कोणाला संकोच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क, असा चुलत भावांचा आग्रह होता. ते दोघे खुशाल जातील. बाकीच्यांसाठी मी तो दिवस देवदर्शनाला ठेवला आहे, कारण खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे आणि उद्यानावरून जाणारा रस्ताच पुढे पालीच्या बल्लाळेश्वराकडे जातो. इतक्या जवळ जाऊन अष्टविनायकांतले दोन गणपती न पाहता परतणे आईला आणि वहिनीच्या वडिलांना पटणारे नाही, आणि मलाही नाही. तारीख अजून नक्की व्हायची आहे. शाळांच्या नाताळच्या सुट्ट्या सुरू होण्याआधीचा मधला वार हवा आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी नको, कारण त्या दिवशीच्या दर्शनाच्या रांगेत बाबांना उभे राहणे जमणार नाही. पंचांग आईकडे आहे. रविवारी ती तारीख सांगेल आणि मग मी मुक्कामाच्या खोल्या राखून ठेवीन, शक्यतो तळमजल्यावरच्या.