भागाकार नेमका कुठे अडतो

952 भागिले 7. तिसरी-चौथीतल्या मुलाला हे गणित घातलं की त्याला एका दमात काय काय सांभाळावं लागतं बघा. नवात सात एकदा, बाकी 2, शेजारचे 5 खाली, झाले 25. आता सातचा पाढा, एकवीसला थांबायचं, वर 3 लिहायचे, 25 मधून 21 गेले, बाकी 4. पाढा पाठ असलेल्याच्या तोंडून 'सात त्रिक एकवीस' आपसूक येतं. नसलेला सात, चौदा, एकवीस असं बोटांवर मोजत बसतो आणि तेवढ्यात गणितात कुठे होतो तेच विसरतो. मग वर 3 ऐवजी 21 लिहितो, नाहीतर तोच 5 परत उतरवतो. अशा मुलाला 'भागाकार कळलाच नाही' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. बरेचदा त्याला रीत कळलेली असते, पण डोक्यातली जागा पाढ्यानेच अडवलेली असते.

ही जागा, म्हणजे काम चालू असताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणारी कार्यरत स्मृती, मुळातच तोकडी. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये ती साधारण सात गोष्टींची सांगितली, मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये चारच्या आसपास आणली. धरून ठेवलेल्या गोष्टींवर आकडेमोडही करायची असेल तर आणखी कमी. मनात घोळवत राहिलं नाही, तर अर्ध्या मिनिटाच्या आत बहुतेक सगळं पुसलं जातं.

म्हणून पाढे पाठ हवेतच. तोवर सातचा पाढा गणिताच्या अगदी शेजारी लिहून द्या, आणि फक्त सातचाच. भिंतीवरच्या तक्त्याकडे मान वर करून बघेपर्यंत हातातली बाकी निसटते.

दुसरं, सोडवलेली उदाहरणं. ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या संशोधकांनी 1985 मध्ये बीजगणितात दाखवलं की नवख्यांनी आधी सोडवलेली उदाहरणं अभ्यासली, तर पुढची तशीच गणितं ते लवकर आणि कमी चुका करत सोडवतात. भागाकारात ते असं करावं: पहिलं गणित पूर्ण सोडवलेलं. दुसऱ्यात फक्त शेवटची पायरी, जशी 952 मध्ये 42 ला 7 ने भागणं, मुलाकडे. तिसऱ्यात शेवटच्या दोन. मग पूर्ण गणित. हात बसला की सोडवलेली उदाहरणं आणि शेजारचा पाढा दोन्ही काढून घ्या. जे येतंय तेच पुन्हा वाचायला लावलं तर उलट अडथळा होतो.

मुलं फळ्यावरचं उतरवून घेत असताना शिक्षकांनी बोलू नये, ही मात्र अगदी कळकळीची विनंती. तेव्हा सांगितलेलं वाया जातं, आणि उतरवण्यातही चुका होतात.

742 भागिले 7 सारखी गणितं पहिल्या आठवड्यात नकोतच. चारात सात जात नाही, तिथे वर शून्य लिहायचं राहतं आणि 106 ऐवजी 16 येतात. त्या पायरीवर वजा करण्यासारखं काही नसतं, म्हणून दमलेलं डोकं ती सहज गाळतं. साधा भागाकार न अडखळता जमू लागला की मगच शून्याची गणितं घ्या, आणि तीही वेगळ्या दिवशी.