ठकीचं शेवटचं आजारपण

ठकी आमची मांजर. तिचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, सहाच्या वर आलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मांजरांत ते पाचच्या पुढे गेलं की किडनीच्या आजाराची चौथी, म्हणजे शेवटची पायरी धरतात. "बरी होणार नाही, त्रास कमी ठेवू," डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

सलाईन घरीच द्यायला शिकले. रिंगर लॅक्टेटची बाटली कोमट पाण्यात ठेवायची, पुसून पडद्याच्या दांडीला अडकवायची, नळीतली हवा काढायची. मग खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि सुई आत सरकवायची. १०० मिली गेलं की तिथे पाण्याचा गोळा होतो आणि एका पायाकडे उतरतो. "अगं, हे काय सुजलं?" आई पहिल्यांदा घाबरलीच. काही तासांत तो जिरतो.

किडनीसाठीचं खास खाणं ठकीने हुंगूनही पाहिलं नाही. आता जे खाईल ते द्या, डॉक्टर म्हणाले. मळमळीवर मॅरोपिटंट, भुकेसाठी मिर्टाझापाइन चालू होतं. घरात अंडंही न येऊ देणाऱ्या आईने तिच्यासाठी वेगळं पातेलं काढून चिकन उकडलं. मीठ, कांदा, लसूण काही न घालता. सिरिंजने कोंबून मात्र भरवलं नाही. मळमळत असताना बळेच भरवलेल्या पदार्थाचा मांजर धसका घेतं. शेजारच्या काकूंनी अर्धी पॅरासिटामॉल सुचवली होती. काकू प्रेमाने सांगत होत्या, पण मांजराला ती गोळी जीवघेणी असते.

खरं अवघड होतं ते इंजेक्शन देऊन तिला शांतपणे जाऊ द्यायचं 'कधी' हे ठरवणं. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची एक मोजपट्टी आहे: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण, जास्त गुण म्हणजे स्थिती चांगली. बेरीज ३५ च्या वर असेपर्यंत चालवून घेता येतं. मी रोजची बेरीज कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचे. एका संध्याकाळी ठकी खिडकीत चढली, घुरघुरली, आणि सगळं घर म्हणालं, सुधारली! मांजरं दुखत असतानाही घुरघुरतात. कॅलेंडरवरचे आकडे उतरतच होते. तोंडात व्रण आले, श्वासाला अमोनियाचा वास यायला लागला, तेव्हा मी डॉक्टरांना घरी बोलावलं.

"आपण जीव घेतोय गं," आई म्हणाली. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. ती माझ्या मांडीवर गाढ झोपली, मग दुसरं. डोळे उघडेच राहतात, कधी नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून आई दचकली नाही. हे प्रत्येकाने आधी विचारून घ्यावं.

मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी सुरू केली आहे, तिथे नेलं. न उघडलेल्या बाटल्या डॉक्टरांना दिल्या, दुसऱ्या कुणाच्या मांजराला होतील. वापरलेल्या सुयाही जाड प्लॅस्टिकच्या डब्यात भरून त्यांच्याकडेच पोचवल्या. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला त्या लागायला नकोत.