नव्या पिकअपच्या पोटाखालचा गंज: ऑन्टॅरिओतून कोकणासाठी

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात नवा पिकअप ट्रक घेतला की पहिल्या हिवाळ्याच्या आत त्याच्या खालच्या बाजूला गंजरोधक तेल मारून घेण्याची पद्धत आहे. थंडीत इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि चाकांनी उडवलेल्या पाण्याबरोबर ते चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), ब्रेकचे पाइप, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि इंधनाच्या टाकीच्या पट्ट्या यांवर जाऊन बसते. रत्नागिरीतल्या माझ्या आतेभावाने आंबा आणि मासळीच्या वाहतुकीसाठी नुकताच पिकअप घेतला आणि खालून काळे अंडरकोटिंग मारून घ्यावे का, असे विचारले. त्याला फोनवर जे सांगितले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण किनारपट्टीवर गाडीच्या हप्त्यांआधी तिचा पत्रा संपलेला मी पाहिला आहे, आणि हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते.

मीठ लोखंड खात नाही. लोखंडावरच्या ओलाव्यात ते मिसळले की त्या पाण्यातून वीज सहज वाहू लागते, धातूवरचा संरक्षक पापुद्रा फुटतो आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मीठ हवेतली ओल ओढून घेते. साधे मीठ हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की आपोआप पाझरू लागते, तर मॅग्नेशियम क्लोराइडला त्यासाठी 33 टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते, आणि समुद्राच्या मिठात ही दोन्ही असतात. म्हणून पावसाळा संपून महिने लोटले, चासी हाताला कोरडी लागली, तरी खाऱ्या वाऱ्याने बसलेला थर रात्री पुन्हा ओला होतो. ऑन्टॅरिओत कडाक्याची थंडी ही क्रिया मंदावते. मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर ती उलट लवकर गंजते, हे इथले अनुभवी मेकॅनिक आवर्जून सांगतात. कोकणात तर ऊब आणि ओल बारमाही आहे.

आता त्या काळ्या, रबरासारख्या जाड थराविषयी. तो दिसायला भक्कम असतो, खडी उडून लागली तर थोडा मार सोसतो आणि कारखान्यात स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर बसवलेला असेल तर काम देतो. पण वाळून कडक झालेल्या थराला कालांतराने चीर पडते, त्या चिरेतून खारे पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. वरून काळे आणि गुळगुळीत दिसते, आत मात्र पत्रा फुगत असतो, कारण गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. माझे मत असे की आधीच गंज धरलेल्या किंवा नुसत्या फडक्याने पुसलेल्या चासीवर असा थर कधीही मारू नये.

त्याऐवजी इथे जे वापरतात ते न वाळणारे, सांध्यांत झिरपणारे तेल, किंवा मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या मेणचट लॅनोलिनचे मिश्रण. गाडी लिफ्टवर चढवतात आणि चासीच्या पोकळ भागाला असलेल्या भोकातून एक बारीक, लवचीक नळी आत सारतात. तिच्या टोकाला चहूबाजूंनी फवारा उडतो. कारागीर नळी सावकाश मागे ओढत आणतो, आणि थोड्याच वेळात दूरच्या भोकांतून व जोडांतून तेलाचे थेंब डोकावू लागतात. तेल आत सर्वत्र पोहोचल्याची तीच खूण. नंतर एक-दोन दिवस गाडीखाली पुठ्ठा अंथरावा लागतो. सगळा भर या पोकळ भागावर असण्याला कारण आहे: तो आतून गंजला तर बाहेरून कळत नाही. टोयोटाच्या 2005 ते 2010 या वर्षांतील टॅकोमा पिकअपच्या चासीला गंजापासून पुरेसे संरक्षण नसल्याचा दावा अमेरिकेत झाला होता. कंपनीने 2016 मध्ये त्यात तडजोड केली आणि गाड्यांची तपासणी करून गरज असल्यास अख्खी चासी बदलून देण्याचे मान्य केले.

तेल मारताना ब्रेकच्या डिस्क, ड्रम आणि पॅड, सायलेन्सर व त्याचा पाइप आणि इंजिनचे पट्टे झाकलेच पाहिजेत. चासीची आणि दरवाजांच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके बुजता कामा नयेत. चाकांच्या फवाऱ्याने तेल धुऊन जाते, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागते.

कोकणात याला एक जोड हवी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी भरलेला पिकअप मागून पाहा: क्रेटमधला बर्फ वितळून ते खारट, चिकट पाणी हौद्याच्या सांध्यांतून आणि फाळक्याखालून थेट चासीच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर आणि पाट्यांच्या शॅकलवर (पाटे चासीला जोडणाऱ्या कडीवर) ठिबकत असते. ऑन्टॅरिओतल्या मिठाला निदान ऋतू आहे, हे पाणी मात्र रोजचे. तेव्हा मासळीची खेप उतरली की त्याच दिवशी मागचा भाग खालून गोड्या पाण्याने धुवावा. किनाऱ्याजवळच्या ज्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्यांचे पाणी यासाठी वापरू नये. चासीच्या वरच्या कडेवर जांभ्याची लाल माती साठते आणि ओल धरून ठेवते; तिथे हात घालून ती काढावी लागते, नुसती पाण्याची धार पुरत नाही.

पावसाळ्याआधी जळके ऑइल आणि डिझेल एकत्र करून फवारण्याची आपल्याकडची जुनी रीत मुळात शहाणपणाची आहे, मात्र वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि धातूचा कीस असतो आणि ते ठिबकून अंगणातल्या मातीत, तिथून विहिरीत जाते. नवे तेल वापरावे. बॅटरीला जोडून गंज थांबवणारी म्हणून विकली जाणारी छोटी यंत्रे मी घेणार नाही, कारण असल्या संरक्षणाला धातूभोवती सलग पाणी लागते. ट्रॉलरच्या तळाला लावलेली जस्ताची वडी आधी झिजते आणि लोखंड वाचवते, ते भोवती अखंड समुद्राचे पाणी असते म्हणून. रस्त्यावरच्या गाडीभोवती तसे पाणी नसते.

वेळ निवडायची तर मे महिना उत्तम. गाडी कडकडीत वाळलेली असते, उष्णतेने तेल पातळ होऊन सांध्यांत खोल उतरते आणि मृगाला अवकाश असतो. आंब्याचा हंगाम संपत आला की आतेभाऊ गाडी दोन दिवस उभी ठेवणार आहे: पहिल्या दिवशी खालून धुऊन उन्हात वाळवायची, दुसऱ्या दिवशी तेल. ब्रेकचे पाइप जिथे क्लिपांनी चासीला धरलेले असतात त्या जागा टॉर्चच्या उजेडात स्वतः पाहायला मी त्याला सांगितले आहे, कारण क्लिपच्या मागे मीठ अडकते आणि पाइप तिथेच आधी सडतो.